कालाखट्ट्याचा दोष

मागच्या वर्षी, वयाच्या २८व्या वर्षी, मला एडीएचडी असल्याचं निदान झालं. कांदिवलीला घरी येऊन आईला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "लहानपणी तुला तो गोळा खाऊ द्यायचे, त्यानेच झालं का रे हे?" महावीर नगरच्या गाडीवरचा कालाखट्टा! मी हसलो. पण प्रश्न वेडगळ नव्हता. त्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

१९७३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बेंजामिन फाइनगोल्ड या अ‍ॅलर्जीतज्ज्ञाने मांडलं, की खाण्यातले कृत्रिम रंग आणि स्वाद मुलांना अतिचंचल करतात. १९७५ साली त्याचं पुस्तक आलं आणि हजारो घरांतले डबे रिकामे झाले. मग कोणी काय खाल्लंय हे मुलाला, पालकांना, तपासणाऱ्यालाही कळू न देता चाचण्या झाल्या, तेव्हा तो मोठा परिणाम बराचसा विरला. थोड्या मुलांत मात्र काहीतरी उरत होतं.

ते 'काहीतरी' २००७ साली साउदॅम्प्टनमध्ये पुन्हा दिसलं. साध्यासुध्या मुलांना रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेली पेयं दिली, तर चंचलपणा किंचित वाढला. २०१०पासून युरोपात अशा सहा रंगांसाठी वेष्टनावर इशारा छापणं सक्तीचं झालं. त्यातले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइझिन आपल्याकडे ठरावीक प्रमाणात चालतात. गाडीवर ते प्रमाण कोण मोजतं, हा वेगळा प्रश्न.

मला सगळ्यात हलवून गेला तो १९९४चा साखरेचा प्रयोग. काही आयांना सांगितलं, तुमच्या मुलाला भरपूर साखर दिलीय. खरं तर साखर कोणालाच दिली नव्हती. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त दंगेखोर वाटली. त्या मुलांच्या जास्त जवळ राहिल्या, जास्त टोकत राहिल्या. म्हणजे मोजायला बसलेलं यंत्रच बिघडलेलं. आमच्या धंद्यात असा बग सापडायला महिने जातात.

सप्लिमेंट्सचं काय? इन्स्टाग्राम मला रोज माशाच्या तेलाच्या कॅप्सूल विकतं. २०११ साली दहा चाचण्यांमधली ६९९ मुलं एकत्र मोजली, तेव्हा ओमेगा-३चा उपयोग दिसला, पण छोटा. औषधांपेक्षा बराच कमी. लोहाची गोष्ट आपल्या जास्त जवळची. २००४ साली पॅरिसमध्ये एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांत फेरिटिन कमी आढळलं. आणि २०१९-२१च्या पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. फेरिटिनची तपासणी साध्या लॅबमध्ये होते. ती न करता लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत, जास्तीचं लोह घातक असतं.

हे सगळं मी आईला रात्री जेवताना सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती.

"मग चौथीत तुझा गोळा बंद केला, तो उगाच?"

त्या वर्षीही मी गणिताचा अर्धा पेपर कोरा ठेवून खिडकीबाहेर बघत बसलो होतो.