पहिलेपणा परत करणारा माणूस

भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी कोणतं? जनरल नॉलेजच्या पुस्तकांत बरीच वर्षं याचं एकच उत्तर असायचं: हर्षा, ६ ऑगस्ट १९८६, केईएम हॉस्पिटल, परळ. म्हणजे आपल्या मुंबईची मुलगी! डॉ. इंदिरा हिंदुजांचं नाव तेव्हा घराघरात पोचलं. पण या कामात केईएमच्या जवळचीच एक सरकारी संस्था बरोबरीने होती, 'इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन' (आता तिचं नाव आणखी लांबलंय). तिचे संचालक होते डॉ. टी. सी. आनंद कुमार. मेंदू आणि प्रजननाची हार्मोन्स यांचं नातं हा त्यांचा मूळ विषय, आणि त्यासाठी त्यांनी माकडांवर बरंच संशोधन केलेलं.

आज लिहायचंय ते या आनंद कुमारांबद्दल. पण त्यासाठी आधी कोलकात्याला जावं लागेल.

इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली २५ जुलै १९७८ ला. ते जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी, म्हणजे ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात एक मुलगी जन्मली. तिला 'दुर्गा' म्हणून ओळखलं गेलं. हे काम होतं डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचं. सोबत जादवपूर विद्यापीठातले सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोज कांती भट्टाचार्य. बस, तीन माणसांची टीम.

आता गंमत बघा. इंग्लंडच्या एडवर्ड्स-स्टेप्टो जोडीने निसर्गतः तयार झालेलं एकच स्त्रीबीज पोटातून दुर्बिणीने काढलं होतं. मुखोपाध्यायांनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन एकापेक्षा जास्त बीजं तयार करवली, ती योनिमार्गातून काढली, तयार झालेले गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवले आणि मग पुढच्या एका नैसर्गिक मासिक चक्रात गर्भाशयात सोडले. गोठवलेल्या गर्भापासून जन्मलेलं बाळ म्हणून जग ज्या बाळाला ओळखतं, ते ऑस्ट्रेलियात १९८४ साली जन्मलं. आज बोरिवलीत उतरून आमच्या गोराईकडे येताना आयव्हीएफच्या ज्या पाट्या दिसतात ना, तिथलं रुटीन बरंचसं असंच चालतं: इंजेक्शनं, योनिमार्गातून बीजं काढणं, गर्भ गोठवणं, नंतर सोडणं. आपल्या मित्रमंडळींपैकी कोणी ना कोणी यातून गेलेलं असतंच, फक्त ते सांगत नाहीत.

याचं बक्षीस काय मिळालं? पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर रेडिओ फिजिक्सचे प्राध्यापक! (आपल्या प्रोजेक्टचा डेटाबेस तपासायला नेटवर्कवाल्याला बसवावं तसं.) समितीने दावा खोटा ठरवला. दुर्गाच्या आईवडिलांना प्रसिद्धी नको होती, त्यामुळे साक्षीला कोणी पुढे येईना. १९७९ मध्ये जपानहून बोलावणं आलं, तर सरकारने जाऊ दिलं नाही. जून १९८१ मध्ये या प्रजननाच्या संशोधकाची बदली झाली ती चक्क डोळ्यांच्या संस्थेत. त्याच महिन्यात, १९ जूनला, त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हांचा 'एक डॉक्टर की मौत' (१९९०) हा सिनेमा यावरूनच सुचलेला, फक्त त्यात शोध कुष्ठरोगाच्या लसीचा आहे.

एक मात्र मान्य करायला हवं. सगळेच आक्षेप हवेतले नव्हते. मुखोपाध्यायांनी सविस्तर पेपर कधी छापलाच नाही. होती ती 'इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्स'मधली १९७८ ची एक छोटीशी नोंद. डॉक्युमेंटेशन नाही म्हणजे काम झालंच नाही, हा न्याय आपल्या ऑफिसातही चालतो म्हणा. पण म्हणून कोणाला खोटारडा ठरवायचं?

असो. १९९७ साली आनंद कुमार कोलकात्याला गेले होते, तेव्हा मुखोपाध्यायांचे कागद त्यांच्या हाती आले. हस्तलिखित नोंदी, पत्रव्यवहार वगैरे. त्यांनी ते बारकाईने वाचले. हा माणूस दुसरा कोणी त्रयस्थ नव्हता, हे लक्षात घ्या. देशातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचं श्रेय ज्या टीमच्या नावावर अकरा वर्षं लागलेलं होतं, तिचा प्रमुख शास्त्रज्ञ ते कागद वाचत होता. फाइल बंद करून ते परत आले असते, तर त्यांना विचारणारं कोण होतं?

एप्रिल १९९७ च्या 'करंट सायन्स'मध्ये त्यांचा लेख आला. भारताच्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखोपाध्याय आहेत, हे शीर्षकातच लिहिलेलं. म्हणजे स्वतःचा नंबर त्यांनी स्वतःच दुसरा केला. हर्षाच्या जन्माचं महत्त्व त्याने कमी झालं नाही. रीतसर नोंदी ठेवून, शास्त्रीय पुराव्यासकट जाहीर झालेलं भारतातलं पहिलं बाळ तीच.

पुढे हळूहळू सरकारी पातळीवरही मुखोपाध्यायांचं काम मान्य झालं. दुर्गा पंचवीस वर्षांची झाली तेव्हा, २००३ साली, ती स्वतः लोकांसमोर आली आणि तिने त्यांचं नाव घेतलं. ते ऐकायला आनंद कुमार हयात होते. ते गेले २०१० मध्ये, आणि त्याच वर्षी एडवर्ड्सना नोबेल जाहीर झालं.