आयरिश नावांचे लेखन आणि बाळाचा बाप्तिस्मा

आयर्लंड सोडून ब्रिटन, अमेरिका वा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या अनेक कॅथलिक कुटुंबांपुढे बाप्तिस्म्याच्या वेळी एक प्रश्न उभा राहतो. पूर्वजांच्या भाषेतील नाव ठेवावे, तर शाळेत व कचेरीत ते कोणास नीट लिहिता येत नाही; इंग्रजी वळणाचे ठेवावे, तर वारसा तुटतो. ‘नीव’ हे मुलीचे नाव एन-आय-ए-एम-एच असे लिहितात, तर ‘शिवॉन’ हे एस-आय-ओ-बी-एच-ए-एन असे.

हे लेखन विचित्र वाटले, तरी नियमबद्ध आहे. पारंपरिक आयरिश वर्णमालेत १८ अक्षरे असून त्यांत ‘व्ही’ नाही. ‘बी’ वा ‘एम’पुढे ‘एच’ आला की बहुधा ‘व’ असा उच्चार होतो. जुन्या गेलिक लिपीत त्या अक्षरावर केवळ एक बिंदू देत. विसाव्या शतकात रोमन वळणाची छपाई रूढ झाली आणि बिंदूची जागा ‘एच’ने घेतली. ‘एस’शेजारी ‘आय’ किंवा ‘ई’ असल्यास ‘श’ होतो. ‘शॉन’ हे त्याचे परिचित उदाहरण. स्वरावरील तिरकी रेघ दीर्घत्व दर्शविते. आपणही ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील च एकाच अक्षराने लिहितो, मात्र उच्चार भिन्न करतो. परक्यास हे समजावून सांगावे लागते, म्हणून आपण आपले लेखन बदलत नाही.

या नावांमागे एक दुःखद इतिहास आहे. १८४५ ते १८५२ च्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली व तितक्यांनीच देश सोडला. आयरिश बोलणाऱ्या गरिबांची त्यात मोठी हानी झाली. इंग्रजी राजवटीत सरकारदप्तरी ‘टाइग’चा टिमथी झाला, ‘ग्रॉन्या’ची ग्रेस झाली. अर्थाचा संबंध नसताना केवळ आरंभीच्या अक्षराचे वा ध्वनीचे साम्य पुरेसे ठरले. १८९३ मध्ये गेलिक लीगची स्थापना झाल्यानंतर भाषेसोबत मूळ नावांनाही पुन्हा मान मिळू लागला.

ख्रिस्तसभेची भूमिका काय? १९१७ च्या कायदेसंहितेनुसार बाळास ख्रिस्ती नाव दिले जाईल याची काळजी धर्मगुरूंनी घ्यावयाची होती. पालक तयार नसल्यास संताचे नाव जोडावयाचे होते. १९८३ च्या संहितेतील कलम ८५५ एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेस परके असलेले नाव देऊ नये, याची दक्षता पालक, धर्ममातापिता व धर्मगुरू यांनी घ्यावी. त्यामुळे ‘स्वातंत्र्य’ असा अर्थ असलेले ‘सीर्शा’ हे नावही बाप्तिस्म्यात देता येते. अवघड लेखन हा अडथळा नाही.

आपल्याकडील कॅथलिक घरांत आढळणारे ‘केविन’ हे नावही मुळात आयरिशच. ग्लेंडालोखचे मठाधिपती संत केविन यांचे मूळ नाव ‘कीवीन’. त्यांचा सण ३ जून रोजी येतो. इंग्रजी रूपाने हे नाव सर्वांस सोपे झाले, परंतु त्याचे मूळ किती जणांस ठाऊक आहे?

उच्चाराप्रमाणे लेखन बदलणाऱ्या पालकांना आम्ही दोष देत नाही. नाव पालक देतात, पण जन्मभर ते लेकरास वागवावे लागते. तथापि मूळ लेखन ठेवायचे ठरल्यास काही पथ्ये पाळावीत, असे आम्हांस वाटते. जन्मदाखला, बाप्तिस्म्याची नोंदवही व पारपत्र यांत एकच लेखन असावे. तिरकी रेघ आरंभापासून लिहावी. आणि नावाचा उच्चार, अर्थ व इतिहास मुलास लहानपणीच सांगावा. ज्या मुलास आपल्या नावाची कथा ठाऊक असते, त्यास ते पुनःपुन्हा समजावून सांगताना संकोच वाटत नाही.