कलम 14 आणि सासूचं घर

«पंचायतीतील थेट निवडणुकीच्या किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव.» (73वी घटनादुरुस्ती, आशय)
ही अंमलात आली 24 एप्रिल 1993 ला. दिल्लीने खालची मर्यादा ठरवली, वरची मोकळी सोडली. म्हणूनच महाराष्ट्राला 2011 मध्ये हे आरक्षण निम्म्यावर नेता आलं. लोकसभा-विधानसभेचं आरक्षण मात्र 2023 च्या दुरुस्तीने जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवलं. गावाला दिलं तितक्या सढळ हाताने स्वतःच्या सभागृहाला कोण देतो!

«नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा.» (महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, कलम 7, आशय)
चांगली तरतूद. पुष्कळ गावांत ती सह्यांच्या वहीतच भरते.

«ज्याने शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केले आहे, तो सदस्य राहू शकत नाही.» (कलम 14(1)(ज-3), आशय)
खरी मेख इथे आहे. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातलं विचखेडे गाव घ्या. तिथे 2021 मध्ये महिला राखीव जागेवर सरपंच निवडून आल्या. तक्रार आली, की बाई सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात. त्यांचं म्हणणं होतं, ते घर पडकं, राहण्याजोगं नाही; आपण नवरा-मुलांसह भाड्याने वेगळ्या राहतो.

अतिक्रमण बाईंनी केलं, असा आरोपच नव्हता. पण 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम अतिक्रमित जागेत राहणाऱ्या कुटुंबीयांनाही लावलं होतं. सरकारी जमीन वाचवायला तो अर्थ ठीक. पण लग्न होऊन आलेल्या सुनेला सासरच्या भिंती कुठल्या गटात उभ्या राहिल्या, हे कोणी विचारून सांगतं का? त्यामुळे ती त्या घरात खरंच राहते का, एवढा पुरावा तरी पक्का हवा.

«अपात्रतेचा निर्णय जिल्हाधिकारी देतील.» (कलम 16, आशय)
जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी तेच कायम केलं, औरंगाबाद खंडपीठात तांत्रिक कारणावर याचिका फेटाळली गेली. घटनेने दिलेली खुर्ची अशी एका फाइलवर निसटली. माझ्या मते, जागेवरचा पंचनामा आणि राहण्याचा स्वतंत्र पुरावा असल्याशिवाय निवडून आलेल्या बाईला घरी पाठवूच नये.

27 सप्टेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयात न्या. सूर्य कांत आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने हे सारे आदेश रद्द केले आणि बाईंचं सरपंचपद परत दिलं.