गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा का? त्याची जागा बदलली तर काय होतं?

मे महिन्यातली दुपार. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर विरार फाट्यापासून वसईच्या दिशेने गाड्यांची रांग लागली आहे. एसी सुरू आहे, पण गाडी जागची हलत नाही. तेवढ्यात डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा वर सरकू लागतो.

अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की अनेकदा एक सल्ला मिळतो, "थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्याकडे त्याची गरजच नाही." काही हौशी गाडीमालक तर त्याही पुढे जातात. ते मोठा रेडिएटर लावतात, जास्तीचा फॅन बसवतात आणि थर्मोस्टॅट मूळ जागेवरून हलवून होज पाइपमध्ये बसवतात.

पण यामुळे गाडी खरंच थंड राहते का? की काही शे रुपये वाचवण्याच्या नादात इंजिनाचं मोठं काम निघतं? समजून घेऊया.

थर्मोस्टॅट नेमकं काय करतो?

इंजिनात इंधन जळल्यावर जी ऊर्जा तयार होते, त्यातली साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटवाटे बाहेर टाकावी लागते. वॉटर पंप हा कूलंट इंजिनात फिरवतो. गरम झालेला कूलंट रेडिएटरमध्ये जातो, तिथे हवेने थंड होतो आणि परत येतो.

या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. तिच्या आत मेणाची छोटी डबी असते. मेण वितळलं की फुगतं, दांडीला ढकलतं आणि झडप उघडते. १९३० च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी विकसित केलेली ही युक्ती आजही बहुतेक गाड्यांमध्ये वापरली जाते.

साधारणपणे ८२ ते ८८ अंश सेल्सियसला ही झडप उघडायला लागते. तोपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न जाता बायपासच्या वाटेने इंजिनातच फिरत राहतो. थोडक्यात, थर्मोस्टॅट इंजिनाचं तापमान ठरलेल्या पातळीवर ठेवतो. इंजिन त्यापेक्षा गार राहिलं, तर तेही नुकसानीचंच असतं.

विरारमध्ये थंडी पडत नाही, मग थर्मोस्टॅट कशाला?

बाहेर ३२ अंश तापमान आपल्याला गरम वाटतं. पण ज्या इंजिनाला ९० अंशांच्या आसपास काम करायचं आहे, त्याच्यासाठी ही हवा थंडच असते. थर्मोस्टॅट काढला की इंजिन तापायला जास्त वेळ लागतो आणि मोकळ्या रस्त्यावर ते पुरेसं तापतही नाही.

त्याचे परिणाम असे होतात:

- इंजिन अजून थंड आहे असं समजून गाडीचा ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज कमी होतं आणि प्रदूषण वाढतं.
- ऑइल नीट तापत नाही. त्यात ओलावा राहतो आणि इंजिनाची झीज वाढते.
- नव्या गाड्यांमध्ये चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. कूलंट अपेक्षेइतका तापत नसल्याचा 'पी०१२८' हा ठरलेला एरर कोड आहे.

विरार-वसई पट्ट्यात सीएनजी गाड्या भरपूर आहेत. त्यांच्यासाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. टाकीतला गॅस सुमारे २०० बार दाबाखाली असतो. रिड्यूसरमध्ये हा दाब उतरतो, तेव्हा गॅस खूप थंड होतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून त्याच्याभोवती इंजिनाचा गरम कूलंट फिरवलेला असतो. अनेक सिक्वेन्शियल किटमध्ये रिड्यूसर ठरावीक तापमानाला पोहोचल्याशिवाय गाडी पेट्रोलवरून सीएनजीवर जात नाही. म्हणजे थर्मोस्टॅट काढला, तर तेवढा वेळ महागडं पेट्रोल जळत राहतं.

थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी जास्त गरम होऊ शकते का?

हो, काही इंजिनांमध्ये असं होतं. त्यांच्या थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला आणखी एक चकती असते. मुख्य झडप उघडली की ही चकती बायपासची वाट बंद करते. त्यामुळे सगळा गरम कूलंट रेडिएटरकडे जातो.

थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा राहतो. मग कूलंटचा काही भाग थंड न होताच इंजिनात परत फिरतो. घाटात किंवा भरलेल्या गाडीत इंजिनावर लोड आला की काटा पुन्हा वर जातो.

जागा बदलली तर काय होतं?

थर्मोस्टॅट दोन ठिकाणी असू शकतो. काही गाड्यांमध्ये तो गरम कूलंट इंजिनातून बाहेर पडतो त्या तोंडाशी, म्हणजे वरच्या होजकडे असतो. काहींमध्ये तो थंड कूलंट आत शिरतो त्या बाजूला, पंपाजवळ असतो.

आत शिरणाऱ्या बाजूच्या थर्मोस्टॅटला बायपासमधून येणारा गरम कूलंट लागावा लागतो. तो लागला नाही, तर मेणाला इंजिन तापल्याचं 'कळत' नाही. झडप बंद राहते आणि इंजिन उकळतं. म्हणूनच बायपासचा विचार न करता थर्मोस्टॅट लांब होजमध्ये नेणं धोक्याचं असतं.

जागेचा प्रश्न किती गंभीर ठरू शकतो, याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रिटनमधलं रोव्हरचं 'के-सिरीज' इंजिन. हेड गॅस्केट उडण्यासाठी ते बदनाम झालं. त्याची कारणं अनेक होती. त्यातलं एक असं सांगितलं जातं, की थर्मोस्टॅट कूलंट आत शिरणाऱ्या बाजूला होता. तो उघडला की रेडिएटरमधला गार कूलंट एकदम तापलेल्या इंजिनात घुसायचा. एमजीएफसारख्या गाडीत इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे होता. त्यामुळे लांब पाइपांमध्ये गार कूलंटही जास्त असायचा.

पुढे फ्रीलँडर आणि एमजी टीएफ या गाड्यांमध्ये 'प्रेशर रिलीफ थर्मोस्टॅट' वापरला गेला. तो इंजिनापासून दूर, होजमध्ये बसतो. गार आणि गरम कूलंट मिसळून आत जातो, शिवाय पंपाचा दाब वाढला की झडप थोडी उघडते. म्हणजे जागा बदलून फायदा झाला, पण त्यासाठी बायपाससह पूर्ण मांडणी नव्याने करावी लागली.

मग गाडी गरम का होते?

ती कधी गरम होते, यावरून बराच अंदाज येतो:

- फक्त ट्रॅफिकमध्ये: रेडिएटर फॅन, त्याचा रिले किंवा सेन्सर तपासा.
- वेगात किंवा चढावर: रेडिएटर चोंदलेला असू शकतो, कूलंट कमी किंवा पंप कमजोर असू शकतो.
- सुरू केल्यावर थोड्याच वेळात: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो.
- कूलंट सारखा कमी होतो: कुठेतरी गळती आहे किंवा हेड गॅस्केट खराब झालं आहे.

वसई-विरारमध्ये पाण्याकडेही बघायला हवं. इथे अनेक सोसायट्यांना टँकर किंवा बोअरवेलवर अवलंबून राहावं लागतं. असं जड पाणी रेडिएटरमध्ये भरत राहिलं, की बादलीत बसतो तसा क्षार आतल्या बारीक नळ्यांमध्ये बसतो. कंपनीने सांगितलेला कूलंटच वापरा. तो पातळ करायचा असेल, तर डिस्टिल्ड वॉटर घाला.

थर्मोस्टॅट खराब आहे हे कसं ओळखायचं?

तो काढून पाण्याच्या पातेल्यात सोडा आणि पाणी तापवा. सोबत थर्मामीटर ठेवा. थर्मोस्टॅटवर सहसा उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं. त्याच्या आसपास तो उघडला आणि थंड झाल्यावर बंद झाला, तर चांगला आहे. नाही तर त्याच तापमानाचा नवा बसवा. झडपेवर हवा सुटण्यासाठी छोटं भोक किंवा पिन असेल, तर ती साधारणपणे वरच्या बाजूला ठेवतात. नाही तर आत हवा अडकून गाडी पुन्हा तापू शकते.

मोठा रेडिएटर किंवा फॅन लावायचाच असेल, तर आधी मूळ बिघाड दुरुस्त करा. गाडी वॉरंटीत असेल, तर अशा बदलांमुळे कंपनी दावा नाकारू शकते.

काटा लाल रेषेकडे गेला तर?

एसी बंद करा, हीटर पूर्ण सुरू करा आणि सुरक्षित जागा मिळताच गाडी थांबवून इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. आतला कूलंट दाबाखाली असतो आणि १०० अंशांपेक्षा जास्त गरम असू शकतो. झाकण सैल होताच तो उसळून चेहरा आणि हात भाजतात. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत थांबा. तशीच गाडी दामटली, तर हेड वाकण्याची भीती असते आणि मग खर्च थर्मोस्टॅटच्या किमतीच्या कित्येक पट होतो.