ग्रिव्ना : एका स्लाव तोलवाचक शब्दाचा अर्थविस्तार

रशियन वजनांच्या नावांपैकी ‘पूद’ हा शब्द परका आहे. त्याचे मूळ लॅटिन ‘पोंडुस’मध्ये सापडते. ‘ग्रिव्ना’ची गोष्ट वेगळी. हा शब्द ‘ग्रीवा’ या स्लाव शब्दावरून सिद्ध झाला. रशियनमध्ये ‘ग्रीवा’ म्हणजे घोड्याची आयाळ. संस्कृत ‘ग्रीवा’ म्हणजे मान. दोन्ही शब्द एकाच मुळाचे होत. ग्रिव्ना म्हणजे प्रथमतः गळ्यातील धातूचे कडे, आपल्याकडील सरीसारखे.

अलंकाराचे नाव वजनाला कसे मिळाले? चांदीची सरी हे अंगावर वागविलेले धनच होय, आणि धन तोलले जाते. या अर्थांतराला भारतीय पुरावा मोलाचा आहे. ऋग्वेदात ‘निष्कग्रीव’ हे विशेषण येते. तेथे निष्क गळ्यातला आहे. मनुस्मृतीत मात्र चार सुवर्णांचा एक निष्क, असे ते मान ठरते. (आपली पुतळी उलट वाटेने गेली : नाणे होती, माळेत ओवली गेली.)

कीएव्ह येथील ग्रिव्ना ही सुमारे 160 ग्रॅमची षट्कोनी लगड, तर नोव्हगोरोदची सुमारे 204 ग्रॅमची लांबट कांडी. तथापि अकराव्या शतकातील ‘रुस्काया प्रावदा’ या विधिसंहितेत मुक्त मनुष्याच्या वधाबद्दल सांगितलेला 40 ग्रिव्नांचा दंड म्हणजे चाळीस लगडी, असे समजणे चूक ठरेल. तेथे ‘कूनांची ग्रिव्ना’ हे हिशेबाचे मान अभिप्रेत आहे. ती 25 कूनांची असे, आणि कूना हे नाव मार्टेन या केसाळ प्राण्यावरून आले आहे. चांदीची ग्रिव्ना तिच्याहून कितीतरी भारी. हा भेद सुटला की दंडाचे सारे गणितच फसते, आणि त्यावर उभारलेले समाजचित्रही.

पुढे ‘रूबल’ने लगडीची जागा घेतली, ‘रुबित्’, म्हणजे तोडणे, या क्रियापदाशी त्याचा संबंध सामान्यतः जोडतात. ग्रिव्ना मात्र 204.75 ग्रॅमच्या ‘ग्रिव्हेन्का’त आणि दहा कोपेकांच्या ‘ग्रिव्हेन्निक’मध्ये उरली. युक्रेनने 1918 मध्ये आणि पुन्हा 1996 मध्ये आपल्या चलनाला ‘ह्रिव्न्या’ हे नाव दिले. 2018 मध्ये निघालेल्या दोन ह्रिव्न्यांच्या नाण्यावर यारोस्लाव आहे. ‘प्रावदा’चे कर्तृत्व परंपरा त्याच्याकडेच देते.