सबळ आणि दुर्बळ यांची कामवाटणी

इतिहास वाचताना आपली दृष्टी सर्वांत बलवान कोण, याचाच शोध घेत असते. राजांच्या इतिहासात हे घडते, तसेच यंत्रांच्या इतिहासातही घडते. कोणाचा संगणक अधिक वेगवान, एवढाच प्रश्न विचारला जातो. परंतु संगणकाचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास नीट पाहिला, तर त्यात दुसराही एक धागा आढळतो. सबळ आणि दुर्बळ यांना एकत्र नांदवून दोघांकडून योग्य ते काम करून घेण्याचा तो धागा आहे. त्याचे एक महत्त्वाचे टोक आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात आहे.

संगणकात प्रत्यक्ष आकडेमोड करणाऱ्या भागाला प्रोसेसर म्हणतात. आजच्या एका प्रोसेसरात असे अनेक स्वतंत्र कामकरी असतात. त्यांना इंग्रजीत कोअर म्हणतात, आपण ‘गाभा’ म्हणू. कामाची वाटणी मात्र एका तुकड्यावर अनेक गाभे बसू लागण्याच्या फार आधीची आहे. १९६४ साली सेमूर क्रे यांनी अमेरिकेत सीडीसी ६६०० हा संगणक उभा केला. त्यात एक बलाढ्य मध्यवर्ती प्रोसेसर होता आणि त्याच्या दिमतीला दहा लहान प्रोसेसर होते. माहितीची नेआण लहानांनी करावी आणि मोठ्याने केवळ गणित करावे, अशी ती व्यवस्था होती.

पुढे १९८०च्या दशकात याच क्रे यांचे नाव लाभलेला महासंगणक, हव्या त्या क्षमतेचा, भारताला देण्यास अमेरिकेने नकार दिला. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था जन्मली. तिचे नेतृत्व डॉ. विजय भटकर यांच्याकडे आले. ते आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे इंग्लंडमध्ये निर्माण झालेले प्रोसेसर मोठ्या संख्येने एकत्र गुंफलेले होते. प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते. संवादात ते तरबेज होते, पण गणितात त्यांचा वेग लवकरच अपुरा वाटू लागला.

तेव्हा पुण्याच्या अभियंत्यांनी जुने सारे टाकून दिले नाही. पुढच्या ‘परम ८६००’ मध्ये प्रत्येक घटकात इंटेलचा आय-८६० हा गणितात बलवान प्रोसेसर बसवला आणि त्याच्या जोडीला चार ट्रान्सप्युटर ठेवले. बलवानाने गुणाकार-बेरजा कराव्यात, निरोपांची देवघेव इतरांनी सांभाळावी. शिवाय आज्ञावली लिहिण्याची व्यवस्था पूर्वीचीच, ‘पारस’ नावाची ठेवली, त्यामुळे आधी केलेले काम वाया गेले नाही.

आता कोणी विचारील की, सगळेच बलवान का घेऊ नयेत? याचे उत्तर झरी जामणीच्या शेतकऱ्याला सांगावे लागू नये. काळ्या जमिनीत नांगर ओढायला दांडगी जोडी हवी. पण तीच जोडी वर्षभर डवऱ्याला जुंपली, तर ढेप मात्र नांगराची आणि काम डवऱ्याचे, असा व्यवहार होतो. संगणकाची ढेप म्हणजे वीज. १९९९च्या सुमारास इंटेलचे फ्रेड पोलॅक यांनी एक ठोकताळा मांडला : गाभ्याचा आकार चौपट केला, तरी त्याचा वेग साधारण दुप्पटच होतो. म्हणजे पुष्कळ कामे वाटून घेता येत असतील, तर चार लहान गाभे एका मोठ्यापेक्षा अधिक उरक देतात. परंतु काही कामे वाटताच येत नाहीत. एक पायरी झाल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. तेथे मोठाच लागतो. म्हणून दोन्ही हवेत.

परंतु ‘परम ८६००’ मधील दोन प्रोसेसरांची आज्ञांची भाषा भिन्न होती. ज्या तालुक्यात मराठी, कोलामी, गोंडी आणि तेलुगू एकत्र नांदतात, तेथे दुभाष्याचे मोल वेगळे सांगायला नको. काम अर्ध्यावर असताना एकाकडून दुसऱ्याकडे सोपवायचे, तर भाषा एकच हवी. २००३ मध्ये राकेश कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच विचार मांडला : गाभे लहानमोठे असावेत, पण सर्वांना एकच भाषा कळावी. २०११ मध्ये ब्रिटनच्या आर्म कंपनीने तशी रचना जाहीर केली आणि २०१३ पासून ती भ्रमणध्वनीत आली. एका प्रसिद्ध प्रोसेसरात चार मोठे व चार लहान गाभे होते; पण प्रारंभी एका वेळी एकच चौकडी काम करू शके. २०२१ मध्ये इंटेलने आठ मोठे व आठ लहान गाभे एकत्र आणले, तेव्हा मोठ्यांना येणाऱ्या काही आज्ञा लहानांना येत नव्हत्या. अखेर त्या आज्ञा मोठ्यांनाही बंद कराव्या लागल्या. एकत्र नांदायचे, तर बलवानालाही काही सोडावे लागते.

खरी कसोटी मात्र वाटणी करणाऱ्याची आहे. कोणते काम कोणाकडे द्यावे, हे चुकले की थोरला रिकामा बसतो, धाकटा धापा टाकतो आणि सारे काम धाकट्याच्या चालीने चालते. शहाणा कारभारी नसेल, तर चांगल्या बैलांचाही उपयोग होत नाही.

या इतिहासाची आणखी एक बाजू आहे, ती लपवू नये. परममधील ट्रान्सप्युटर परदेशी होता आणि आय-८६०ही परदेशीच होता. आपली होती ती रचना, वाटणी आणि ती चालवणारी आज्ञावली. हे थोडे नव्हे. नकार मिळालेल्या देशाने थोड्या वर्षांत ते साधले. पण बैल दुसऱ्याच्या दावणीचे असले, तर मालक केव्हाही ते सोडून नेऊ शकतो. म्हणून सी-डॅकने ‘वेगा’ आणि मद्रासच्या आयआयटीने ‘शक्ती’ या स्वदेशी प्रोसेसरांच्या रचना हाती घेतल्या, याचे महत्त्व आहे. त्या आज जगातील सर्वांत बलवान नाहीत. पण सर्वांत बलवान नसलेल्यालाही मोलाचे काम असते, हेच तर या साठ वर्षांनी शिकवले आहे.