एका पंगतीचा इतिहास

देवालयाचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ दगड, चुना व शिखर यांचे काम नव्हे. कळस चढला की महाप्रसाद होतो व गाव पंगतीस बसते. ज्याने धान्य पिकविले, ज्याने शिजविले व ज्या परमेश्वराने दिले, त्या सर्वांचे उपकार स्मरण्याची ही जुनी रीत होय. परंतु सर्वांची पंगत एक व्हावी, यासाठी महाराष्ट्रात कित्येक शतके झगडावे लागले, हे नव्या पिढीस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मंगळवेढ्याचे संत चोखोबा विठ्ठलाचे निस्सीम भक्त. पण जातीमुळे त्यांना राऊळात प्रवेश नव्हता. इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर आहे. ज्यास आयुष्यभर दाराबाहेर ठेवले, त्याच्या समाधीस वंदन करूनच आज वारकरी आत जातो.

पैठणचे संत एकनाथ (१५३३ ते १५९९) यांची कथा घरोघर सांगितली जाते. श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकाचा सुवास येऊन दारावरून जाणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या कुटुंबास भूक लागली. नाथांनी पितरांसाठी केलेले अन्न त्यांनाच प्रेमाने वाढले. ब्रह्मवृंद रुष्ट झाला. पण पितर मात्र तृप्त झाले, अशी श्रद्धा आहे.

देहूची आठवणही अशीच गोड आहे. अनगडशहा या फकिराचा कटोरा कोठेच भरेना. तुकोबांच्या घरच्या चिमूटभर पिठाने तो भरला, अशी आख्यायिका आहे. आजही तुकोबांच्या पालखीची पहिली आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. एका घासाचे उपकार दोन्ही धर्मांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या स्मरत आले आहेत.

आषाढी पौर्णिमेस पंढरपूरजवळ गोपाळपुरास गोपाळकाला होतो. लाह्या, पोहे, दही एकत्र कालवून एकमेकांच्या मुखी घालतात. कोणाची शिदोरी कोणती, हे एकदा कालविल्यावर निवडता येत नाही. काल्याचा अर्थ तोच.

असे असूनही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस बंदच होते. पूज्य साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकांची मने वळविली व दिनांक १ मे १९४७ पासून पंढरपुरास उपोषण आरंभिले. दिनांक १० मे रोजी ते सुटले व मंदिर सर्वांस खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या कलम १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट करण्यात आली.

कायद्याने देवळाचे दार उघडले. पंगतीत कोणी कोणाशेजारी बसावे, हे मात्र प्रत्येक गावाने स्वतः ठरवावयाचे असते. जीर्णोद्धारास कोणी मोठी रक्कम दिली, कोणी पायलीभर धान्य दिले, कोणी दोन दिवस दगड वाहिले. देणगीच्या यादीत नावे क्रमाने लिहावी लागतात. पत्रावळी मांडताना तसा क्रम नसावा. शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत वाढप्यांनी आपले पान मांडू नये, हीच देणगीदारांप्रती व देवाप्रती खरी कृतज्ञता होय.